रॅम भरपूर, तरी मेमरी अपुरी : फोटोशॉपमधील एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

दहीहंडी आणि गणेशोत्सव जवळ आला की ठाण्यातील फ्लेक्सच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत संगणक चालू असतात. वीस फूट रुंद, दहा फूट उंच शुभेच्छाफलक, वर नेत्यांचे फोटो, खाली मंडळाच्या पंचवीस-तीस कार्यकर्त्यांचे चेहरे आणि प्रत्येक चेहरा वेगळ्या लेअरवर, म्हणजे चित्राच्या स्वतंत्र थरावर. फाइल छपाईला जाणार तेवढ्यात कुणाचा तरी फोटो बदलायचा निरोप येतो आणि पडद्यावर ‘रॅम पुरेशी नसल्याने हे काम पूर्ण करता आले नाही’ अशा अर्थाची इंग्रजी चौकट उमटते. त्यावर बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे रॅम, म्हणजे संगणकाची चालू कामाची मेमरी, वाढवा. माझ्या मते हा सल्ला निम्म्या वेळा चुकतो, कारण चौकटीतील वाक्य जवळपास तेच राहिले असले तरी त्यामागची कारणे काळानुसार बदलत गेली आहेत.

थॉमस आणि जॉन नॉल या भावंडांनी घडवलेले फोटोशॉप हे चित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर अडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये मॅकिंटॉशसाठी बाजारात आणले, तेव्हा त्याला २ एमबी रॅम पुरत असे. त्या वेळच्या मॅकिंटॉश प्रणालीत आभासी मेमरीची, म्हणजे रॅम कमी पडल्यास डिस्कची जागा मेमरीसारखी वापरण्याची, सोयच नव्हती. ती १९९१ च्या सिस्टिम ७ बरोबर आली. म्हणून या प्रोग्रामने स्वतःची व्यवस्था केली. चित्राचे लहान चौकोनी तुकडे करायचे, हाताशी लागणारे तुकडे रॅममध्ये ठेवायचे आणि बाकीचे हार्ड डिस्कवर उतरवायचे. यालाच स्क्रॅच डिस्क म्हणतात. ‘स्क्रॅच डिस्क भरली’ ही तक्रार त्यामुळे मुळात वेगळी आहे, आणि ती आल्यावर रॅम विकत घेण्याऐवजी सी ड्राइव्ह मोकळा करावा किंवा दुसरा वेगवान ड्राइव्ह नेमून द्यावा.

पुढे फोटोशॉपची मेमरीची भूक वाढली. १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले आणि १९९८ मध्ये पाचव्या आवृत्तीत हिस्टरी आली, म्हणजे अनेक पावले मागे जाता येऊ लागले. हिस्टरीत प्रत्येक पावलाला बदललेले तुकडेच साठवले जातात, त्यामुळे चेहऱ्यावरचा एखादा डाग काढला तर फारसा भार पडत नाही. पण संपूर्ण फलकावर ब्लर (चित्र धूसर करणारा परिणाम) लावला की जवळजवळ पूर्ण चित्राची आणखी एक प्रत साठते.

ही प्रत केवढी असते, याचा हिशेब प्रत्येक ऑपरेटरने एकदा कागदावर मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वीस बाय दहा फुटांचा फलक ७२ रिझोल्यूशनला, म्हणजे दर इंचाला ७२ पिक्सेल धरून, १७,२८० बाय ८,६४० पिक्सेलचा होतो. सीएमवायके या छपाईच्या चार रंगांत, ८ बिटला (प्रत्येक रंगाला एक बाइट), त्याचा एकच पूर्ण थर सुमारे ६० कोटी बाइटचा, म्हणजे अर्ध्या जीबीहून मोठा असतो. सवयीने रिझोल्यूशनच्या रकान्यात ३०० लिहिले, तर तोच थर हजार कोटी बाइटच्या पुढे जातो. लांबून पाहायच्या फलकाला त्या ३०० चा काहीही उपयोग नसतो.

त्यानंतरची भिंत ३२ बिटची होती. ३२ बिटच्या पत्त्यांतून ४ जीबीच मेमरी गाठता येते, आणि ३२ बिट विंडोज एका प्रोग्रामला एरवी त्यातली २ जीबीच देत असे. यंत्रात ४ जीबी बसवूनही तीच चौकट येई, ती यामुळे. विंडोजवर ही भिंत २००८ मध्ये फोटोशॉपच्या सीएस४ या ६४ बिट आवृत्तीने ओलांडली. मॅकवर त्यासाठी २०१० चे सीएस५ यावे लागले, कारण मॅकवरील प्रोग्राम लिहिण्याच्या कार्बन या जुन्या पायाची ६४ बिट आवृत्ती ॲपलने २००७ मध्ये रद्द केली होती आणि फोटोशॉप त्याच पायावर उभे होते.

आज प्रेफरन्सेसमधील परफॉर्मन्स या भागात उपलब्ध रॅमपैकी किती टक्के फोटोशॉपने वापरायची, ते ठरवता येते. मूळ नेमणूक साधारण ७० टक्क्यांची असते. तो आकडा थेट १०० वर नेणे घातक आहे, कारण मग खुद्द विंडोजचीच कोंडी होते आणि सगळे यंत्र रखडते. काही जुन्या आवृत्त्या विंडोज १० वर याच ठिकाणी ‘९६ आणि ८ यांमधील पूर्णांक हवा’ असा अशक्य आग्रह धरतात. तिथे रॅम असते, पण प्रोग्रामला ती मोजता येत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, ‘ओव्हरराइड फिजिकल मेमरी एमबी’ या नावाची नोंद करून रॅमचा आकडा हाताने भरला की काम सुरळीत होते.

खरी टंचाई ओळखायची असेल तर खिडकीच्या तळाशी ‘एफिशिएन्सी’ दाखवायला सांगावे. तो आकडा १०० टक्के असेल तर काम रॅममध्येच चालले आहे. तो सतत बराच खाली राहत असेल, तरच रॅम वाढवण्याचा खर्च सार्थकी लागतो. त्याआधी एडिट मेन्यूतील पर्ज वापरून क्लिपबोर्ड आणि हिस्टरी रिकामी करून पाहावी, मात्र पर्ज केलेली हिस्टरी परत मिळत नाही.

एक कारण मात्र आपल्या कामाच्या पद्धतीतूनच येते. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, साल आणि चेहरे बदलायचे आणि नव्या नावाने सेव्ह करायची, असे वर्षानुवर्षे चालते. दुसऱ्या फाइलींतून लेअर आणत गेल्यावर त्या फाइलींच्या ओळखखुणा ‘डॉक्युमेंट ॲन्सेस्टर्स’ या नावाने मेटाडेटात (फाइलीसोबत साठणाऱ्या माहितीत) साचत राहतात आणि फाइल उगाच जड होते.  या खुणा छोट्या स्क्रिप्टने पुसता येतात.