कर्जखतापासून तथ्य विवरणपत्रापर्यंत : वैयक्तिक कर्जाची पार्श्वभूमी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावात शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तेच घडले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावात जमावाचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. ती हाती लागली की जाळली जात, आणि जिथे सावकाराने खते मुकाट्याने काढून दिली तिथे बहुतेक वेळा पुढची हिंसा टळली. कर्ज घेणाऱ्याला सर्वाधिक भीती वाटत होती ती त्याच्याच अंगठ्याची निशाणी असलेल्या, पण त्याला वाचता न येणाऱ्या कागदाची.

ही भीती कशातून आली, हे समजून घेतले पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, भारतीय कापसाला चढा भाव मिळाला आणि सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने उधारी दिली. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, त्याच सुमारास काही तालुक्यांत जमीन महसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणलेली होती. जुने येणे कर्जदाराच्या डोक्यावर वर्षानुवर्षे राहू नये, हा त्या कायद्याचा हेतू. प्रत्यक्षात मात्र सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेऊ लागले, आणि त्या नव्या खतात थकलेले व्याज मुद्दल म्हणून चढू लागले. मूळ घेतलेली रक्कम किती, फेडली किती आणि राहिली किती, हे सांगणारी एकच वही होती आणि ती सावकाराच्या पेढीवर असे.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. त्यातील तरतुदी आजही बारकाईने वाचाव्यात अशा आहेत. न्यायालयाने केवळ खतावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा मागचा इतिहास तपासावा, शेतकऱ्याला फेडीची पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क असावा, तसेच खत ग्रामनिबंधकासमोर, म्हणजे गावपातळीवर दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, केले जावे, असे या कायद्याने ठरवले. त्याच्या अंमलबजावणीत महादेव गोविंद रानडे यांनी अनेक वर्षे न्यायाधीश म्हणून काम केले. कायद्याला पळवाटाही सापडल्या. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेण्याची पद्धत वाढली. तरीही हिशेब पाहणे हा ऋणकोचा (कर्ज घेणाऱ्याचा) हक्क आहे, धनकोची (कर्ज देणाऱ्याची) मेहेरबानी नव्हे, हे तत्त्व येथे स्पष्टपणे कायद्यात उतरले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वात मोलाची कमाई हीच आहे.

याच्या जोडीला दामदुपटीचा जुना नियम होता. व्याज कितीही साचले तरी एका वेळी वसूल होणारी व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, असे धर्मशास्त्र सांगत असे आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो नियम मानत. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने आणि २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने ही मर्यादा सावकारी कर्जांसाठी कायम ठेवली.

१९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांची वाट मोकळी केली, पण सावकाराची जागा घेणे सोपे नव्हते. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांकडून आणि जेमतेम ३ टक्के सहकारी संस्थांकडून आल्याचे आढळले. शहरांत मात्र गिरण्या, कारखाने, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांतील पगारदारांच्या पतसंस्था रुजल्या. आजच्या वैयक्तिक कर्जाचे खरे पूर्वरूप तिथे सापडते : तारण नाही, कारण विचारले तर लग्न, आजारपण किंवा घरदुरुस्ती, कामावरचे दोन सोबती जामीन आणि हप्ता थेट पगारातून कापला जाणारा. जामीनदार रोज शेजारच्या टेबलावर बसत असल्यामुळे थकबाकीची लाज हीच मोठी हमी असे.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तरी बँकांचा भर शेती, लघुउद्योग आणि व्यापारावर राहिला. चित्र बदलले ते ऑक्टोबर १९९४ मध्ये, जेव्हा रिझर्व्ह बँकेने २ लाख रुपयांवरील कर्जांचे व्याजदर ठरवण्याची मुभा बँकांना दिली, आणि त्यानंतर २००० साली सिबिल या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीची स्थापना झाल्यावर. ओळखीच्या जामीनदाराची जागा ३०० ते ९०० मधल्या एका गुणांकाने घेतली. ज्याला जामीन मिळणे अवघड होते त्याच्यासाठी दार उघडले, हे खरेच. पण थांबवणारा, ‘इतके कशाला काढतोस’ असे विचारणारा माणूसही त्या व्यवहारातून गेला.

आकड्यांची अपारदर्शकता मात्र नव्या रूपात टिकून राहिली. १ लाख रुपये तीन वर्षांसाठी ‘१२ टक्के फ्लॅट’ दराने घेतले, तर संपूर्ण मुदतीत मूळ रकमेवरच व्याज लागून ते ३६,००० रुपये होते आणि महिन्याचा हप्ता सुमारे ३,७७८ रुपये येतो. तोच १२ टक्के दर घटत्या शिलकीवर, म्हणजे दर हप्त्यानंतर उरलेल्या मुद्दलावर, असेल, तर हप्ता सुमारे ३,३२१ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १९,६०० रुपये भरते. म्हणजे पहिल्या कर्जाचा खरा दर घटत्या शिलकीच्या हिशेबाने सुमारे २१ टक्के पडतो. यात प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता अजून धरलेला नाही.

मोबाइल ॲपवरून काही मिनिटांत कर्ज मिळू लागल्यावर वसुलीसाठी संपर्क यादीतील नातेवाइकांना फोन करण्याचे प्रकार वाढले. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसाठी नियम काढून ॲपला फोनमधील संपर्क यादी पाहण्यास मनाई केली आणि कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्याच खात्यात जमा करणे सक्तीचे केले. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता, की रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या बिगरबँक वित्तीय कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. त्यामुळे गावच्या परवानाधारक सावकारावर असलेले दामदुपटीचे बंधन अशा कंपनीवर नाही, आणि तिच्याकडून कर्ज घेणाऱ्याची भिस्त मुख्यतः रिझर्व्ह बँकेच्या नियमांवर राहते.

त्यांतील सर्वात उपयोगी नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व नव्या किरकोळ मुदतकर्जांना लागू झाला. करार करण्यापूर्वी धनकोने ऋणकोला समजेल अशा भाषेत मुख्य तथ्य विवरणपत्र दिले पाहिजे, त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक टक्केवारी दर आणि हप्त्यांचे वेळापत्रक असले पाहिजे, आणि त्यात नसलेले कोणतेही शुल्क ऋणकोच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी हे विवरणपत्र किमान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य राहते. तेवढ्या अवधीत दुसऱ्या बँकेचे किंवा पतसंस्थेचे विवरणपत्र मागवून दोन्ही दर शेजारी ठेवून पाहता येतात.