'मागेल त्याला काम' कुठून आलं?

रोजगार हमी म्हटलं की हल्ली केंद्राचा २००५चा कायदा आठवतो. पण तिचं मूळ महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात आहे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूर परिसरात तिचा पहिला प्रयोग केला. मजुराला गावाजवळ काम द्यायचं आणि त्याच मजुरीतून बांधबंदिस्ती, पाझर तलाव उभे करायचे, हा त्यांचा साधा हिशेब.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. मे १९७३मध्ये जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. उन्हात खडी फोडायची, मातीच्या पाट्या वाहायच्या, मस्टरवर हजेरी लागली की आठवड्याच्या पगाराची वाट बघायची. सुकडी (वाटपातलं पौष्टिक पीठ) आणि लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आणलेल्या ज्वारीच्या, भाकरी खाऊन दिवस काढलेली माणसं आजही त्याबद्दल सांगतात. एवढी पिकं बुडूनही मोठी मनुष्यहानी टळली, त्यात या मजुरीचा वाटा फार मोठा होता.

तरीही दुष्काळी काम सरकारच्या मर्जीवर होतं. टंचाई जाहीर झाली तर काम निघणार, पाऊस पडला की बंद. चांगल्या वर्षीही पेरणी-काढणीनंतर शेतमजुराचे हात रिकामेच राहतात, त्याचं काय? याचं उत्तर महाराष्ट्राच्या १९७७च्या रोजगार हमी कायद्याने दिलं. २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचं काम मागितलं तर ते १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. माझ्या मते खरी क्रांती इथे झाली: मदत होती तिचा हक्क झाला.

पैसा कुठून आणला, हेही विसरू नये. पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर १९७५मध्ये लावला गेला तो यासाठीच, आणि तेवढीच भर राज्याने घालायची असं ठरलं. नोकरदारांच्या पगारातून कोरडवाहू गावातल्या मजुराची चूल पेटली.

अंमलबजावणीत खोट होतीच. झालेल्या कामाची मापं उशिरा, पगार त्याहून उशिरा, आणि भत्ता क्वचितच कुणाच्या हाती पडला. पण शेतावर पुरुषापेक्षा कमी मजुरी घेणाऱ्या बायकांना इथे कामाच्या मापाप्रमाणे समान दर मिळाला, म्हणून त्या मोठ्या संख्येने आल्या. १९९०पासून फळबाग लागवडही योजनेला जोडली गेली.

केंद्राच्या कायद्याने ही हमी देशभर नेली, मात्र ती कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची केली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात हमी माणसागणिक होती, आणि दिवसांना मर्यादा नव्हती.