नदीचा वाटा कोणाच्या खात्यात?

जलाशय बांधायचा म्हटला की पहिला प्रश्न येतो तो आकाराचा. १८८३ मध्ये रिपल नावाच्या अभियंत्याने त्यासाठी एक साधी आलेखपद्धत मांडली. नदीला दर महिन्याला आलेल्या पाण्याची, म्हणजे येव्याची, बेरीज करत जायचे आणि त्या चढत्या रेषेशेजारी मागणीची रेषा काढायची. मागणी येव्याच्या सर्वांत पुढे जिथे निघून जाते, तिथले अंतर मोजायचे. तेवढी साठवण हवी. पुढे हॅरल्ड हर्स्ट यांनी नाईल नदीच्या कित्येक शतकांच्या नोंदी तपासल्या आणि १९५१ मध्ये दाखवून दिले की कोरडी वर्षे सुटीसुटी येत नाहीत, ती एकमेकांना धरून येतात. त्यामुळे निव्वळ योगायोगाच्या गणिताने काढलेला साठा अपुरा पडू शकतो. आता तर हवामानच बदलते आहे, तेव्हा जुन्या नोंदींवर डोळे झाकून विसंबता येत नाही.

हे गणित अवघड असले तरी सुटते. खरी कसोटी दुसऱ्या प्रश्नाची आहे: पैसे कोण देणार? हा प्रश्न लेखापालांवर सोपवून अभियंते आणि पर्यावरणतज्ज्ञ मोकळे होतात, ते मला फार चुकीचे वाटते. दुष्काळात कोणाचे पाणी आधी तोडायचे हे बहुतेक वेळा पैशाच्या करारातच ठरून गेलेले असते. शहराने पैसे भरलेले असतात, वीज कंपनीने भरलेले असतात. नदीतल्या माशांच्या नावाने कोणी भरलेले नसतील, तर टंचाईत पहिली कात्री त्यांच्याच पाण्याला लागते.

खर्च वाटायची रीत एका कल्पित उदाहरणातून पाहू. शहराला एकट्याने जलाशय बांधायचा तर ६० कोटी लागतील, पूरनियंत्रणासाठी वेगळा बांधायचा तर ५० कोटी. दोन्ही कामांसाठी मिळून एकच बांधला तर ८० कोटी. म्हणजे एकत्र येण्याने ३० कोटी वाचले. हे वाचलेले कोणाचे? आधी प्रत्येकामुळे वाढलेला खर्च काढायचा. शहर नसते तर ५० कोटींत भागले असते, म्हणून शहराचे स्वतःचे ३०. त्याच न्यायाने पूरनियंत्रणाचे २०. उरलेला सामाईक खर्च ३० कोटी. स्वतंत्र बांधण्याच्या खर्चातून प्रत्येकाचा स्वतःचा खर्च वजा केला तर दोघांकडेही ३० कोटीच उरतात (६० वजा ३०, ५० वजा २०), म्हणून सामाईक खर्चही निम्मानिम्मा. शहराचे ४५, पूरनियंत्रणाचे ३५. एकट्याने जेवढा खर्च आला असता त्यापेक्षा दोघांनाही कमी पडले, त्यामुळे कोणी बाहेर पडत नाही. अमेरिकेतल्या टेनेसी खोरे प्राधिकरणापुढे १९३० च्या दशकात हाच पेच होता: नौकानयन, पूर आणि वीज यांत धरणांचा खर्च वाटायचा कसा? एकत्र येणाऱ्यांनी खर्च आणि फायदा कसा वाटावा हे तपासणाऱ्या, गणितातल्या सहकारी खेळांच्या सिद्धांताने पुढे ज्या प्रश्नांचा कीस काढला, ते तिथे आधीच उभे राहिले होते.

आता यात नदीला आणा. समजा खालच्या पात्रासाठी पाणी राखून ठेवायला, थंड पाणी सोडण्याची सोय करायला आणि काठावर पाणथळ जागा तयार करायला आणखी १० कोटी लागतात. नदीला पाणीपट्टी भरता येत नाही. मग हे १० कोटी ‘परवडले तर बघू’ या रकान्यात जातात, आणि बांधकामाचा खर्च फुगला की तोच रकाना पहिल्यांदा पुसला जातो. खर्च तर फुगतोच. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये २४५ मोठ्या धरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्क्यांनी जास्त निघाला. कर्जाचे व्याज तर बांधकाम थांबले म्हणून थांबत नाही. सहा टक्के दराने घेतलेल्या १०० कोटींचे आठ वर्षांत १५९ कोटी होतात, काम बारा वर्षे लांबले तर २०१.

मागाहून सोय करणे किती महागात पडते हे कॅलिफोर्नियातल्या शास्टा धरणावर दिसते. उन्हाळ्यात खोल जलाशयात पाण्याचे थर पडतात, वर कोमट आणि तळाशी गार. सॅक्रामेंटो नदीतला हिवाळी हंगामाचा चिनूक सामन मासा अंडी घालतो तो ऐन उन्हाळ्यात, आणि पाणी साधारण १३ अंशांपेक्षा तापले की ती अंडी दगावू लागतात. धरणाने या माशाची वरच्या थंड प्रवाहांकडे जाण्याची वाट अडवली होती. तळाचे गार पाणी सोडायचे तर ते टर्बाइनला बगल देऊन सोडावे लागे, म्हणजे वीज बुडायची. काही वर्षे तशी ती बुडवलीही. अखेर १९९७ मध्ये धरणाच्या पाण्याकडच्या अंगाला एक प्रचंड पोलादी सांगाडा बसवला गेला. त्याला वेगवेगळ्या उंचीवर झडपा आहेत. हव्या त्या थरातले पाणी घ्यायचे आणि ते टर्बाइनमधूनच सोडायचे. खर्च सुमारे ८ कोटी डॉलर, धरण पूर्ण झाल्यानंतर अर्ध्या शतकाने.

याउलट इंग्लंडमधल्या रटलंड वॉटरकडे बघा. १९७० च्या दशकात तो बांधतानाच एका टोकाला बांध घालून उथळ तळी केली. मुख्य जलाशयाची पातळी मागणीप्रमाणे खाली-वर होते, तेव्हा एरवी काठावर नुसता उघडा चिखल राहिला असता. बांधाआडच्या तळ्यांची पातळी मात्र वेगळी राखता येते, म्हणून पाणपक्ष्यांना उथळ पाणी टिकून मिळते. १९९६ पासून तिथे मासेमार घार, म्हणजे ऑस्प्रे, पुन्हा वसवण्याचे काम सुरू झाले आणि २००१ मध्ये त्यांनी पिल्ले वाढवली. अर्थात याच जलाशयाखाली नेदर हॅम्बल्टन हे गाव गेले, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे. बुडीत क्षेत्रातल्या माणसांचे नुकसान हा खर्चच आहे. तो आपल्या वहीत लिहिला नाही, तर त्यांच्या संसारातून वसूल होतो.

कधी कधी लाभणारी नदी आणि जलाशय यांच्या जागाही वेगळ्या असतात. दक्षिण इंग्लंडमध्ये हॅव्हंट थिकेट येथे ८.७ अब्ज लिटरचा जलाशय हिवाळ्यात झऱ्यांच्या जादा पाण्याने भरण्याची मूळ योजना होती. त्यातून शेजारच्या भागाला पाणी मिळेल आणि टेस्ट व इचेन या चुनखडकातल्या दुर्मीळ नद्यांतला उपसा कमी करता येईल, ही त्यामागची कल्पना. त्यासाठी जुन्या वनाचा एक तुकडा मात्र द्यावा लागतो. असा सौदा करावा की नाही यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात, पण निदान दोन्ही पारडी उघड्यावर आहेत.

नदीच्या वाट्याचे पैसे कोणी भरावेत याचे मला पटलेले उत्तर कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१४ मध्ये दिले. त्यांनी कर्जरोख्यांतून २७० कोटी डॉलर पाणीसाठवणीसाठी मंजूर केले, पण अट घातली: या पैशातून फक्त सार्वजनिक लाभ विकत घ्यायचे, म्हणजे परिसंस्था, पाण्याची गुणवत्ता, पूरनियंत्रण, आणीबाणीची तयारी आणि विरंगुळा. त्यातही निम्मे लाभ तरी परिसंस्थेचे असले पाहिजेत. शहरांनी आणि शेतकऱ्यांनी आपल्या पाण्याचे पैसे आपण भरायचे. आणि हे लाभ खरोखर मिळावेत म्हणून प्रकल्पवाल्यांनी वन्यजीव, जलगुणवत्ता अशा संबंधित सरकारी विभागांशी करार करायचा. नदीला कोणत्या महिन्यात किती पाणी, किती गार, आणि ते मोजणार कोण, हे लिहून घ्यायची जागा तीच.