ट्रकच्या सांगाड्याचे रस्त्यावरील मिठापासून संरक्षण

बर्फाळ प्रदेशात रस्ते मोकळे ठेवण्यासाठी टाकलेल्या मिठामुळे ट्रकचा सांगाडा, पाटे (लीफ स्प्रिंग), ब्रेकच्या नळ्या, डिझेलच्या टाकीचे पट्टे आणि विजेच्या जोडण्या गंजतात. हा गंज रोखण्यासाठी किंवा लांबवण्यासाठी केली जाणारी धुलाई, लेपन, तेलफवारणी आणि तपासणी यांचा समावेश या विषयात होतो. अमेरिकेची ईशान्येकडील राज्ये, पंचमहासरोवरांचा परिसर, तसेच कॅनडातील ऑन्टॅरिओ, क्युबेक आणि अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांत या भागात हा प्रश्न सर्वांत तीव्र असून त्या पट्ट्याला तेथे ‘सॉल्ट बेल्ट’ म्हणतात. आजच्या बहुतेक मोटारींत पत्र्याचे कवचच भार पेलते. ट्रक आणि पिकअप यांत मात्र सर्व भार दोन लांब पोलादी तुळयांवर आणि त्यांना जोडणाऱ्या क्रॉस मेंबरांवर असतो. त्यामुळे इंजिन ठणठणीत असूनही केवळ सांगाडा सडल्यामुळे ट्रक भंगारात जातो, आणि या प्रदेशात असे वारंवार घडते.

इतिहास : न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर मीठ वापरले. १९४१-४२ च्या हिवाळ्यात संपूर्ण अमेरिकेत सुमारे ५,००० टन मीठ पसरले गेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्गांचे जाळे वाढले, हिवाळ्यातही रस्ता पूर्ण उघडा असावा अशी अपेक्षा रूढ झाली, आणि आता तेथील वार्षिक वापर दोन कोटी टनांच्या आसपास सांगितला जातो. यातील बराचसा भाग खाणीतून काढलेले सैंधव असते. ह्युरॉन सरोवराखाली सुमारे ५५० मीटर खोल असलेली ऑन्टॅरिओतील गॉडरिचची खाण ही जगातील सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण मानली जाते. क्लीव्हलंडची खाण ईरी सरोवराखाली आहे. अमेरिकी मोटार उद्योगाचे केंद्र असलेल्या डेट्रॉइट शहराच्या पोटातही साडेतीनशे मीटरांवर अशीच एक खाण आहे. जेथे ट्रक घडवले गेले, तेथूनच त्यांना खाणारे मीठही निघाले.

मिठाचे प्रकार आणि त्यांचा परिणाम : साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. शून्याच्या जेमतेम एक अंश खाली एक किलो मीठ सुमारे ४६ किलो बर्फ वितळवते. उणे ७ अंश सेल्सिअसला हेच प्रमाण नऊ किलोंच्याही खाली येते आणि उणे ९ अंशांपलीकडे ते व्यवहारात फारसे उपयोगी पडत नाही. म्हणून कडक थंडीसाठी मॅग्नेशियम क्लोराइड व कॅल्शियम क्लोराइड वापरतात. १९९० च्या दशकापासून ही मिठे द्रवरूपात, बर्फ पडण्याआधीच रस्त्यावर फवारण्याची पद्धत वाढली. रस्ते-व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही पद्धत निःसंशय उपयुक्त आहे, कारण तिच्यात मिठाचे खडे उसळून वाया जात नाहीत. परंतु ट्रकच्या दृष्टीने ती अधिक घातक ठरली. साध्या मिठाचा थर हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावरच ओलावा ओढून विरघळू लागतो. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम क्लोराइड त्याहूनही कमी आर्द्रतेत ओले होते. याचा अर्थ असा की, रस्ता कोरडा झाला, ऊन पडले, तरी तुळयांच्या कडांवर बसलेला हा थर ओलाच राहतो आणि गंजाचे काम अखंड चालू राहते.

गंज ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. पोलादाच्या एका बिंदूवर लोह इलेक्ट्रॉन सोडून विरघळते, शेजारच्या बिंदूवर पाणी आणि ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतात. शुद्ध पाण्यात हा प्रवाह क्षीण असतो. क्लोराइड आयनांमुळे पाण्याची विद्युत्-वाहकता वाढते आणि धातूवरचा पातळ संरक्षक थरही फुटतो. सर्वांत मोठी हानी फटींत होते. दोन पत्र्यांच्या जोडात, रिव्हेटच्या डोक्याखाली किंवा यू-बोल्टच्या बैठकीत शिरलेल्या खारट पाण्यातील ऑक्सिजन लवकर संपतो. मग बाहेरचा भाग ऑक्सिजन पुरवत राहतो आणि आतले लोह विरघळत राहते, क्लोराइड आत ओढले जाते आणि फटीतील पाणी आम्लधर्मी होत जाते. तयार होणाऱ्या गंजाचे आकारमान मूळ लोहाच्या दोन ते सहा पट असल्यामुळे तो जोड आतून फाकवतो. अवजड ट्रकांत मजबुतीसाठी एका चॅनेलमध्ये (उघड्या बाजूच्या पोलादी तुळईत) दुसरे चॅनेल बसवलेले असते, तेथे दोहोंमधला गंज जाड पोलादाला फुगवटे आणतो. ड्रम ब्रेकच्या शूवरील लायनिंगही (घर्षणाचे अस्तर) असेच उचलले जाऊन तडकते.

आतून सडणे : गंज बाहेर दिसतो तेव्हा तो आत बराच पुढे गेलेला असतो, ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. पिकअपच्या पेटीसारख्या बंद तुळयांत चिखल आणि खारे पाणी छिद्रांतून शिरते, निचऱ्याची छिद्रे त्याच चिखलाने बुजतात, आणि बाहेरचा काळा रंग शाबूत असताना आतली भिंत कागदाइतकी पातळ होते. टोयोटाने २००८ मध्ये १९९५ ते २००० या काळातील टॅकोमा पिकअपच्या सांगाड्यांची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली आणि फार सडलेल्या गाड्या परत विकत घेतल्या. नंतरच्या टॅकोमा, टंड्रा व सिक्वोया गाड्यांच्या सांगाड्यांना पुरेसे गंजरोधन नव्हते, असा आरोप करणाऱ्या सामूहिक दाव्यात २०१६ मध्ये तडजोड झाली. तिच्या कक्षेत सुमारे १५ लाख गाड्या होत्या आणि तिचे कमाल मूल्य ३४० कोटी डॉलर सांगितले गेले. एका सांगाड्याच्या बदलाचा खर्च जुन्या पिकअपच्या बाजारभावाला गाठतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे आश्चर्य वाटत नाही.

ब्रेकच्या नळ्यांचा प्रश्न यापेक्षाही गंभीर आहे, कारण तेथे इशारा मिळत नाही. पिकअपमध्ये पोलादी नळ्या तुळईच्या आतल्या बाजूने क्लिपांत अडकवलेल्या असतात. क्लिपेखाली साचलेल्या मिठाने नळी पातळ होते आणि जोराने ब्रेक दाबण्याच्या क्षणीच ती फुटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअप व एसयूव्ही गाड्यांतील गंजलेल्या नळ्यांची चौकशी २०१५ मध्ये बंद केली. गाड्या परत मागवण्याचा आदेश न देता, हिवाळाभर गाडीचा खालचा भाग धुवावा, वसंतात तो पूर्ण स्वच्छ करावा आणि नळ्या तपासून घ्याव्यात असा सल्ला प्रशासनाने मालकांना दिला. बदलायच्याच असतील तर ९० टक्के तांबे आणि १० टक्के निकेल असलेल्या मिश्रधातूच्या नळ्या घालणे हिताचे असते. त्या मिठाने गंजत नाहीत आणि हाताने सहज वळतात.

लेपनाच्या पद्धती : कारखान्यात सांगाडा रंगाच्या कुंडात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर सुमारे २० मायक्रॉन जाडीचा थर बसवतात, काही उत्पादक त्याऐवजी गरम मेणाचा थर देतात. जस्ताचा थर अधिक विश्वसनीय असतो, कारण ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून लोह वाचवते. नंतर करायच्या लेपनाचा व्यवसाय कर्ट झीबार्ट या जर्मन मेकॅनिकच्या पद्धतीवर १९५९ मध्ये डेट्रॉइटमध्ये उभा राहिला. दारांच्या व खांबांच्या पोकळ्यांना भोके पाडून आत मेणयुक्त द्रव्य फवारायचे आणि भोके बुचांनी बंद करायची, अशी ती पद्धत होती.

आज दोन मार्ग प्रचलित आहेत. एक म्हणजे डांबर-रबराचा कडक काळा थर. नव्या, पूर्णपणे कोरड्या पोलादावर तो काही वर्षे चांगला टिकतो. पण खडीच्या माऱ्याने त्याला तडा गेला की पाणी थराच्या मागे शिरते, बाहेर पडत नाही, आणि थर उलट गंजाचे झाकण बनतो. जुन्या, आधीच गंजलेल्या ट्रकवर हा थर मारणे म्हणजे दोष लपवणे होय. विक्रीपूर्वी असे ‘ताजे काळे’ केलेले सांगाडे तेथील जाणते खरेदीदार संशयाने पाहतात आणि तो संशय रास्त आहे. दुसरा मार्ग म्हणजे न वाळणारे तेल, मेण किंवा मेंढीच्या लोकरीतून मिळणाऱ्या लॅनोलिनचा लेप. हे द्रव्य फटींत झिरपते, पाणी बाजूला सारते आणि ओरखड्यावर पुन्हा पसरते. मात्र ते धुतले जात असल्यामुळे दर वर्षी, हिवाळ्यापूर्वी, उबदार आणि कोरड्या दिवशी पुन्हा फवारावे लागते. ऑन्टॅरिओ व क्युबेकमध्ये ही वार्षिक तेलफवारणी सर्रास केली जाते. तुळईच्या आत लांब लवचिक नळीने चारही बाजूंना फवारा सोडणे हा तिचा गाभा आहे. बाहेरून चमकणारी गाडी आतून कोरडी राहिली तर पैसे फुकट गेले. ब्रेकचे ड्रम व डिस्क, सायलेन्सर आणि नैसर्गिक रबराचे बुश (सांध्यांतील अस्तरे) यांवर तेल पडू देऊ नये. तेलाने असे रबर फुगते.

धुलाईतही विवेक लागतो. पुनर्वापराचे पाणी असलेल्या धुलाई केंद्रात त्या पाण्यातच मीठ असू शकते. अतिदाबाचा फवारा विजेच्या कनेक्टरांवर आणि बेअरिंगच्या सीलवर थेट मारल्यास मीठ आत ढकलले जाते. तुळईच्या आतून कमी दाबाचे भरपूर पाणी वाहू देणे अधिक गुणकारी असते. मीठ न धुता ट्रक गरम गॅरेजमध्ये उभा करणे सर्वांत वाईट, कारण गोठलेला खारट बर्फ वितळतो आणि उष्णतेने क्रिया वेगवान होते.

गंज थांबवतात असे सांगून विकली जाणारी विजेची उपकरणे वेगळी नोंदवली पाहिजेत. विजेने गंज रोखण्याची पद्धत जहाजावर चालते, कारण त्याचा तळ पाण्यात सतत बुडालेला असल्याने तेथे विद्युत्-मंडल पूर्ण होते. रस्त्यावरच्या गाडीला असे सलग पाणी नसते, म्हणून तेथे ती चालत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकात अशा एका उपकरणाच्या दाव्यांविरुद्ध कारवाई केली होती.

महाराष्ट्र आणि गोवा येथे रस्त्यावर मीठ टाकण्याचा प्रसंग येत नाही, पण कोकणपट्टीवरचा खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि बर्फातली मासळी वाहणाऱ्या गाड्यांतून गळणारे खारट पाणी यांचे रसायनशास्त्र तेच आहे. मासळीच्या ट्रकांचे मागचे क्रॉस मेंबर आणि हौद्याखालचे जोड याच कारणाने आधी सडतात, आणि फटीत जाणारे तेल व गोड्या पाण्याची धुलाई येथेही तितकीच लागू पडते.

तपासणी व दुरुस्ती : तुळई हातोडीने ठोकून पाहतात, घट्ट पोलाद खणखणते, सडलेले बद्द वाजते. सुटा गंज वायर ब्रशने काढून त्यावर फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचे गंज-रूपांतरक लावतात व मग प्रायमर देतात. हे केवळ पृष्ठभागावरील गंजासाठी आहे. खपल्या निघत असतील किंवा छिद्र पडले असेल तर पत्र्याचे ठिगळ डकवणे पुरेसे नसते; सडलेला भाग निरोगी पोलादापर्यंत कापून काढावा लागतो. अवजड ट्रकच्या उष्णता-संस्कारित तुळयांना वेल्डिंग करू नये, अशी सूचना अनेक उत्पादक तुळईवरच चिकटवतात, कारण उष्णतेने त्या जागी पोलादाची ताकद कमी होते. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार व्यावसायिक ट्रकचा सांगाडा तडकलेला, सैल झालेला, झुकलेला किंवा तुटलेला असता कामा नये.