फिजिओथेरपीत दुखणं कसं मोजतात

फिजिओथेरपीत वेदनेची तीव्रता मोजायची म्हणजे किती दुखतंय हे पेशंटच्याच तोंडून, ठरलेल्या स्केलवर काढून घ्यायचं. दुखणं दाखवणारं मशीन नाही, एक्स-रेत गुडघा पार झिजलेला दिसतो आणि आजी बिनधास्त जिना चढतात असंही होतं, त्यामुळे पेशंट सांगेल तेच माप.

ओपीडीत सगळ्यात जास्त चालतो तो आकड्यांचा स्केल, एनपीआरएस, 0 म्हणजे अजिबात दुखत नाही आणि 10 म्हणजे कल्पनाही करवत नाही इतकं. तोंडीच विचारता येतो, अगदी फोनवरही. दुसरा रेघेचा स्केल, व्हीएएस, त्यात कागदावर 10 सेंटीमीटरची सरळ रेघ असते, आकडे नाहीत, फक्त दोन टोकांना शब्द, पेशंट खूण करतो आणि थेरपिस्ट पट्टी लावून 0 च्या टोकापासून मिलिमीटर मोजतो. इथे एक सांभाळायचं, झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की रेघ लहानमोठी होते आणि माप चुकतं. लहान मुलांना वाँग-बेकर स्केलचे हसऱ्यापासून रडक्यापर्यंतचे 6 चेहरे दाखवतात. ठणका, कळ, आग, मुंग्या असा दुखण्याचा प्रकारच हवा असेल तर मॅकगिल प्रश्नावली, रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 मध्ये आणलेली, पण ती लांबलचक आहे.

खरं महत्त्वाचं म्हणजे नुसतं "किती दुखतंय?" विचारून भागत नाही, काय करताना दुखतंय तेही लिहायलाच हवं. फ्रोझन शोल्डरचा, म्हणजे खांदा आखडलेला पेशंट नुसता बसलेला असताना 2 सांगेल, हात पाठीमागे नेला की 8, आणि रात्री त्या कुशीवर वळला की झोपच उडते. म्हणून "हात 90 अंशांपर्यंत उचलल्यावर 6" अशी नोंद हवी, मग पुढे तोच 6 आकडा 120 अंशांवर आला तर आकडा हलला नाही तरी खांदा सुधारलाय हे कळतं. जुनाट दुखण्यात साधारण 2 अंकांची किंवा 30 टक्क्यांची घट झाली की खरा फरक पडला असं धरतात. एकाचा 7 दुसऱ्याच्या 7 शी मात्र कधीच लावू नये, तुलना त्याची त्याच्याशीच. आणि "एवढं कुठे दुखतंय" म्हणत पेशंटशी वाद तर मुळीच घालू नये, पुढच्या वेळी तो खरं सांगणारच नाही.

डिमेन्शियामुळे ज्यांना सांगताच येत नाही त्यांच्यासाठी पेनॅड स्केल आहे, त्यात श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि धीर दिल्यावर माणूस शांत होतो का, या 5 गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण देतात.