बॉम्बे जिमखाना

मुंबईतील आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला असलेला खासगी क्रीडा व सामाजिक क्लब. स्थापना १८७५. ‘जिमखाना’ हा शब्द ‘गेंदखाना’वरून घडला असे सामान्यतः मानतात, मराठीत तो इतका रुळला की शाळा-कॉलेजांतील क्रीडाविभागालाही जिमखानाच म्हणतात.

आरंभीची अनेक दशके सभासदत्व युरोपियनांपुरते मर्यादित होते. या बंदिस्तपणाचा परिणाम कुंपणाबाहेरही झाला, आणि या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. जिमखान्याचे सभासद लगतच्या खुल्या मैदानावर पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी तेथे खळगे पडत आणि त्याच जमिनीवर क्रिकेट खेळणाऱ्या पारशी व हिंदू मुलांना चेंडू कसा उसळेल याचा भरवसा नसे. जिमखान्याचे स्वतःचे क्रिकेट मैदान मात्र घोड्यांपासून जपलेले होते. पारशी क्रिकेटपटूंनी १८८१ मध्ये सरकारकडे अर्ज केला. काही वर्षे रेंगाळलेल्या या तंट्याचा शेवट समुद्रकाठी, आजच्या मरीन ड्राइव्हवर, वेगळी जमीन मिळण्यात झाला आणि तेथे पारशी, हिंदू व इस्लाम जिमखाने शेजारीशेजारी उभे राहिले. मुंबईचे क्रिकेट धर्मवार विभागले जाण्यात या वाटपाचा मोठा वाटा आहे.

ज्यांना सभासद होता येत नव्हते त्यांना प्रतिस्पर्धी म्हणून मात्र मैदान खुले झाले. १८९० मध्ये पारशी संघाने येथेच जी. एफ. व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला हरवले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांवर १०९ धावांनी विजय मिळवला. या संघातील डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर चर्मकार समाजातले होते. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता ते साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. पुढे हिंदू संघातून खेळू लागल्यावरही चहा मात्र त्यांना सवर्ण सहकाऱ्यांपासून वेगळा, मातीच्या भांड्यातून दिला जाई. भेदाच्या दोन भिंती एकाच खेळाडूने अनुभवल्या, हे या विजयाबरोबर नोंदवलेच पाहिजे.

भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना १५ ते १८ डिसेंबर १९३३ या काळात येथे झाला. डग्लस जार्डिन यांच्या इंग्लंडने तो नऊ गडी राखून जिंकला. पण लोकांच्या स्मरणात राहिले ते दुसऱ्या डावातील लाला अमरनाथ यांचे ११८, कसोटीतील पहिले भारतीय शतक. कर्णधार सी. के. नायडू यांनी त्याच डावात ६७ धावा केल्या. १९३७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिल्यावर मोठे सामने तिकडे गेले आणि येथे पुन्हा कसोटी झाली नाही.

उतरत्या छपराची, मैदानाकडे तोंड असलेल्या रुंद व्हरांड्याची इमारत आजही वापरात आहे. क्लबात आता भारतीयच सभासद बहुसंख्य आहेत; पावसाळ्यात, चिखल झालेल्या याच मैदानावर रग्बी रंगते.