हुसाविकच्या बोटी: आइसलंडमध्ये लोक देवमासे बघायला जायला लागले ते कसं

हल्ली आपल्याकडचेही बरेच ग्रुप आइसलंडला जातात आणि आल्यावर एक व्हिडिओ हमखास टाकतात, राखाडी पाणी, मागे बर्फाचे डोंगर, आणि हंपबॅक देवमाशाची शेपटी वर येऊन सावकाश खाली जाते. बघायला भारीच वाटतं. पण हा बोटीवरून बघायचा धंदा तिथं जेमतेम तीस-पस्तीस वर्षांचा आहे, आणि त्याच्या आधी काही शतकं लोक त्याच पाण्यात त्याच प्राण्यांच्या मागे हार्पून, म्हणजे दोरी बांधलेला भाला, घेऊन फिरत होते. ते अजूनही पूर्ण बंद झालेलं नाही. हे फार कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बास्क लोक, म्हणजे आजच्या स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे, देवमासे मारायला आइसलंडच्या पश्चिमेकडच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत आत घुसलेल्या चिंचोळ्या खाड्यांमध्ये, यायला लागले. १६१५ साली परत जायच्या वेळी वादळ आणि बर्फात त्यांची ३ जहाजं फुटली, खलाशी किनाऱ्यावर अडकले, थंडी तोंडावर, खायला काही नाही, आणि तिथल्या आरी माग्नुसन नावाच्या अधिकाऱ्यानं त्यांना मारायचा हुकूम काढला. तिसाच्या वर माणसं मारली गेली. याॅन गुदमुंदसन नावाच्या एका स्थानिक माणसानं तेव्हाच याविरुद्ध लिहून ठेवलं म्हणून हे आज आपल्याला कळतं. त्या भागात बास्क माणसाला मारायला मुभा देणारा तो आदेश औपचारिकपणे रद्द झाला २०१५ साली, बरोबर चारशे वर्षांनी!

बास्क लोकांच्या काळातली शिकार मात्र हातानं भाला फेकून, वल्ह्याच्या होडीतून. त्यात सापडायचे ते हळू पोहणारे आणि मेल्यावर पाण्यावर तरंगणारे देवमासे. ब्ल्यू व्हेल, फिन व्हेल हे वेगानं पळतात आणि मेल्यावर बुडतात, त्यामुळे ते वाचलेले होते. हे बदललं ते नॉर्वेच्या स्वेन फोइननं, त्यानं १८६० च्या दशकात वाफेच्या बोटीवर तोफ बसवून तिच्यातून आत फुटणारा हार्पून मारायची पद्धत बसवली. मग कुठलाच देवमासा सुटेना. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर इतकी कत्तल झाली की कॉड मासा धरणारे मच्छीमार चिडले, त्यांचं म्हणणं देवमासे आहेत म्हणून मासळी किनाऱ्याकडे येते, आणि १९०३ मध्ये मेहाम्न गावात त्यांनी देवमासे कापून तेल काढायचं अख्खं स्टेशन तोडून टाकलं. १९०४ पासून सरकारनं तिथं बंदी घातली. पर्यावरण वगैरे शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हते, पोटासाठी भांडलेली माणसं होती ती, पण मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो कारण जिवंत देवमासा आपल्या कामाचा आहे असं म्हणत रस्त्यावर उतरलेले बहुतेक हेच पहिले लोक.

नॉर्वेच्या कंपन्या त्याच्याही आधी, १८८३ पासून, आइसलंडला येऊन बसल्या होत्या. तेल काढायचं, बाकीचं टाकायचं. तीसेक वर्षांत देवमासे मिळेनासे झाले आणि १९१५ पासून आइसलंडनं मोठ्या देवमाशांच्या शिकारीला बंदी केली. इतक्या लवकर अशी बंदी घालणारे देश हाताच्या बोटावर मोजण्याइतके. पण ती टिकली नाही, १९३० च्या दशकात परत सुरू झालं आणि १९४८ पासून राजधानी रेक्याविकच्या उत्तरेला ह्वालफ्योर्दुरमध्ये मोठं स्टेशन चालू झालं. तिथं फिन व्हेल ओढून वर आणायचे आणि उतारावर कापायचे, आणि येणारे-जाणारे प्रवासी थांबून ते बघायचे. म्हणजे देवमासा बघायला जायचं हे तिथं आधीपासून होतं, फक्त मेलेला.

देवमाशांच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या इंटरनॅशनल व्हेलिंग कमिशननं १९८२ मध्ये व्यापारी शिकार थांबवायचा निर्णय घेतला, तो १९८५-८६ पासून लागू. आइसलंडच्या संसदेत त्यावर हरकत घेऊन तो निर्णय स्वतःला लागू होऊ द्यायचा नाही का यावर मतदान झालं आणि हरकत घ्यायची नाही हे फक्त एका मतानं ठरलं. तरी पुढची काही वर्षं संशोधनाच्या नावाखाली शिकार चाललीच. नोव्हेंबर १९८६ मध्ये शिकारीविरुद्ध लढणाऱ्या सी शेपर्ड संघटनेच्या दोघांनी रेक्याविक बंदरात दोन शिकारी जहाजं पाण्याचे व्हॉल्व्ह उघडून बुडवली, माणूस एकही मेला नाही पण देशभर संताप झाला, आणि तिथल्या बऱ्याच लोकांसाठी शिकार हा मग स्वाभिमानाचा प्रश्न झाला. १९८९ नंतर मात्र बरीच वर्षं हार्पून थंड होते.

आता इथं दुसरी एक गोष्ट जोडून बघावी लागते, ती म्हणजे मासेमारीचा कोटा, कुणी किती मासळी धरायची याचा ठरलेला वाटा. १९८४ पासून कॉडवर कोटा आला, १९९१ पासून तो सरसकट विकता-घेता यायला लागला आणि छोट्या गावांतून तो मोठ्या कंपन्यांकडे गेला. ओकच्या लाकडाच्या जुन्या बोटींना कामच उरलं नाही, कित्येक तोडल्या, जाळल्या. उत्तर किनाऱ्यावरच्या हुसाविक गावात दोन भावांनी अशीच एक जुनी बोट घेऊन नीट केली, क्नोरिन तिचं नाव, आणि १९९५ च्या उन्हाळ्यात स्क्यालवांडी खाडीत पाहुण्यांना देवमासे दाखवायला न्यायला सुरुवात केली. नॉर्थ सेलिंग ती हीच कंपनी. आइसलंडमधल्या पहिल्या ट्रिपा त्याच्या आधी, १९९१ मध्ये, आग्नेय टोकाच्या होफ्नहून निघाल्या होत्या, पण धंदा म्हणून तो उभा राहिला हुसाविकला. बाहेर हे आधीच चालू होतं म्हणा, कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला १९५५ मध्ये एका मच्छीमारानं माणशी १ डॉलर घेऊन ग्रे व्हेल दाखवायला सुरुवात केली होती, आणि नॉर्वेच्या आंदेनेसहून १९८८ पासून स्पर्म व्हेल बघायला बोटी जात होत्या. तरी ज्या देशात लोक देवमासा खातात तिथं तो बघायला कोण पैसे देणार, असंच बहुतेकांना वाटत होतं. १९९७ मध्ये हुसाविकला देवमाशांचं म्युझियम झालं, ते पुढे एका जुन्या कत्तलखान्याच्या इमारतीत गेलं, आणि कोट्यानं मोडत चाललेलं अडीच हजारांच्या आतबाहेरचं गाव पर्यटनावर सावरलं.

स्क्यालवांडीच का, तर खाडी खोल आहे, वरून दोन नद्यांचं पाणी येतं, उत्तरेचा थंड आणि दक्षिणेचा उबदार प्रवाह या भागात भेटतात आणि उन्हाळ्यात जवळपास चोवीस तास उजेड, त्यामुळे क्रिल हे कोळंबीसारखे बारीक जीव आणि कॅपेलिन ही छोटी मासळी भरपूर. हंपबॅक, मिंकी ही लहान जात, जून-जुलैच्या सुमाराला नशीब असेल तर ब्ल्यू व्हेलसुद्धा.

आणि शोधायची पद्धत मच्छीमारांचीच. आवाजानं पाण्याखालचं शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या वगैरे भानगडीत न पडता आधी पक्षी बघायचे. किटिवेक आणि सुरय हे समुद्रपक्षी एका जागी गोळा होऊन पाण्यावर तुटून पडत असतील तर खाली मासळीचा थवा आहे, आणि तिथंच देवमासाही यायची शक्यता. मग गाइड घड्याळाच्या काट्यानं सांगतो, बोटीचं नाक म्हणजे १२ वाजता, 'दोन वाजता बघा' म्हटलं की सगळे उजवीकडे. देवमाशाच्या श्वासाचा फवारा उंच सरळ खांबासारखा असेल तर ब्ल्यू किंवा फिन, बुटका आणि पसरट असेल तर हंपबॅक. मिंकीचा फवारा दिसतच नाही फारसा, पण वारा आपल्याकडे असेल तर सडक्या कोबीसारखा वास येतो. हंपबॅक खोल जाताना पाठीची कमान करतो आणि शेपटी पूर्ण वर काढतो, मिंकी कधीच शेपटी दाखवत नाही. देवमासा खाली गेल्यावर पाण्यावर एक गुळगुळीत गोल चकती राहते, बाकी सगळीकडे लाटा आणि तेवढीच जागा सपाट, शेपटीच्या फटक्यानं झालेली. हंपबॅकच्या शेपटीखालचे काळे-पांढरे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, पाहुण्यांचे आणि गाइडचे फोटो जमवून संशोधकांनी इथले काही हंपबॅक थेट कॅरिबियन आणि केप व्हर्डीच्या पाण्यात ओळखलेत.

पक्ष्यांची गोष्ट मला जास्त लागते. १८४४ च्या जूनमध्ये आइसलंडच्या नैर्ऋत्येला एल्देय खडकावर ग्रेट ऑकची शेवटची माहीत असलेली जोडी मारली गेली, संग्राहकांना विकायला. गुडघ्याच्या वर येणारा, उडता न येणारा पक्षी, पळून जाणार कुठे. १९७१ मध्ये लंडनच्या लिलावात पेंढा भरलेला एक ग्रेट ऑक आला तेव्हा आइसलंडच्या लोकांनी वर्गणी काढून तो ९,००० पौंडांना परत आणला. एका पेंढ्याच्या पक्ष्यासाठी अख्खा देश वर्गणी काढतो यातच सगळं आलं.

त्याचा लहान नातलग म्हणजे पफिन, रंगीत चोचीचा, ज्याच्यासाठी निम्मे लोक बोटीत चढतात. जगातले निम्म्याहून जास्त अटलांटिक पफिन आइसलंडमध्ये घरटी करतात, हुसाविकजवळच्या लुन्देय बेटावरही. एप्रिलअखेरीला येतात, जमिनीत बीळ करून एकच अंडं घालतात आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत निघून जातात, त्यामुळे सप्टेंबरची तिकिटं काढून पफिन बघायला जाणाऱ्यांची निराशा ठरलेली. दक्षिणेच्या वेस्टमन बेटांवर पहिल्यांदा बिळाबाहेर पडलेली पिल्लं रात्री गावातल्या दिव्यांकडे भरकटतात, शाळेतली पोरं पुठ्ठ्याच्या खोक्यात ती गोळा करतात आणि सकाळी समुद्राकडे उडवतात. त्याच बेटांवर लांब दांड्याच्या जाळ्यानं पफिन पकडून खायचीही जुनी रीत आहे. २००० नंतर तिथं सँडईल नावाची बारीक मासळी कमी झाली आणि काही उन्हाळे बहुतेक पिल्लं उपाशी मेली, तेव्हापासून शिकारीचे दिवस फार कमी केलेत. समुद्र गरम होतोय ही खरी भीती आहे, आणि ती हार्पूनसारखी एखाद्या मतदानानं थांबत नाही.

देवमाशांकडे परत येतो. आइसलंडनं २००३ मध्ये संशोधनाच्या नावानं आणि २००६ पासून उघड व्यापारी शिकार परत सुरू केली. तेव्हा विरोध करायला बाहेरच्या संघटनांच्या जोडीला पहिल्यांदाच घरचे लोक होते, बोटवाले. रेक्याविकसमोरच्या फाक्साफ्लोई खाडीत सकाळी पाहुण्यांना दाखवलेला मिंकी दुपारी मारला जाऊ शकतो, हे त्यांनी जोरात मांडलं आणि हळूहळू तिथला शिकारबंदीचा पट्टा वाढवून घेतला. मिंकी मारणाऱ्यांना लांब जाणं परवडेना, २०२० मध्ये त्यांनी धंदा बंद केला. उरली फिन व्हेल मारणारी एकच कंपनी. तिच्या शिकारीत काही देवमासे मरायला फार वेळ लागतो असं सरकारी तपासणीत दिसल्यावर जून २०२३ मध्ये मंत्र्यांनी हंगाम थांबवला, सप्टेंबरमध्ये तो परत उघडला आणि २४ फिन व्हेल मारले गेले. २०२४ आणि २०२५ च्या उन्हाळ्यात एकही नाही. पण डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं ५ वर्षांचं नवं लायसन्स दिलंय, म्हणजे कागदावर शिकार चालू आहे.

आपल्याकडे कोकणात कुणकेश्वरच्या बाजूला २०१५ मध्ये संशोधकांना ब्ल्यू व्हेल दिसले होते, मायलेकरू. आपल्याकडे डॉल्फिन राइडच्या बोटी बऱ्याचदा फुल स्पीडनं थव्याच्या मधून जातात, चार बोटी चार बाजूंनी. हुसाविकला मागून किंवा बाजूनं, इंजिन मंद करून जातात, समोरून आडवं जात नाहीत, एकाच प्राण्याभोवती गर्दी झाली तर दुसऱ्या बोटी थांबतात, आणि २०१५ पासून तिथं ओपल नावाची शिडाची बोट इलेक्ट्रिक मोटरवरही चालते, आवाज जवळपास नाही. हे नियम बोटवाल्यांनी आपापसात ठरवून घेतलेत. तारकर्ली-दापोलीचे बोटवालेसुद्धा मच्छीमारच आहेत, पक्षी कुठे पडतायत ते त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. पाहुण्यांनीच 'अजून जवळ घ्या' म्हणणं बंद केलं तर पुढचं ते करू शकतात.